युधिष्ठिरानं मागं वळून का नाही पाहिलं?

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री ९.४०

आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, दारव्ह्याकडचा भाग) चातुर्मासात मारुतीच्या पारावर पोथी लागते. दिवसभर डवरणी-निंदण करून आलेली माणसं, त्यातली अर्धी पेंगतात. परवा स्वर्गारोहण आलं तेव्हा मात्र कुणी पेंगलं नाही.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. पाचही पांडव, द्रौपदी आणि मागून एक कुत्रं हिमालय चढायला लागतात. आधी द्रौपदी पडते. भीम विचारतो, हिचं काय चुकलं? युधिष्ठिर सांगतो, हिचा जीव अर्जुनावर जास्त होता. मग सहदेव, त्याला आपल्या शहाणपणाचा गर्व. नकुल, त्याला रूपाचा. अर्जुन, एका दिवसात सगळे शत्रू जाळीन म्हणाला, जाळले नाहीत, वर बाकीच्या धनुर्धरांना तुच्छ लेखायचा. शेवटी भीम स्वतःच पडतो आणि पडल्यापडल्या विचारतो, माझं काय? तू फार खायचास आणि ताकदीच्या बढाया मारायचास. एवढं सांगून युधिष्ठिर चालू लागतो. एकदाही मागं पाहत नाही.

पारावर सगळे म्हणाले, गर्व झाला की माणूस पडते, आणि तंबाखू मळत उठले. मला काही उठता येईना. जन्मभर सोबत राहिलेली माणसं एकेक करून मरताहेत आणि हा त्यांचे दोष वाचतोय. हे ज्ञान आहे, की हाच त्याचा गर्व?

जुन्या साहित्यात मरण आणि गर्व असे हातात हात घालून आलेले अजून कुठं वाचलंत, तेही लिहा. घरात गेल्या शनिवारी एक मयत झाली, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. त्याबद्दल नंतर लिहीन. किंवा नाही लिहिणार.

---

कोरडवाहू | गुरुवार, रात्री १०.०५

फार खाल्लं म्हणून पडला म्हणता भीम. मंग आमच्या गावचं तर एक बी माणूस स्वर्गात जात नाही बाप्पा, तेरवीच्या पंगतीतच अर्धे गारद होतात.

(हलकं घ्या. धागा चांगला हाये. वाचून राह्यलो.)

---

मास्तर निवृत्त | शुक्रवार, सकाळी ६.१५

धुऱ्यावरचा, प्रश्न चांगला आहे, पण गोष्ट तुम्ही निम्म्यात सोडलीत. पोथीवाले बुवाही बहुतेक तिथंच आरती घेतात.

महाप्रस्थानिक पर्वानंतर स्वर्गारोहण पर्व आहे. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर पहिला दिसतो कोण? दुर्योधन. आसनावर बसलेला, तेजानं झळकत. युधिष्ठिराचा संताप होतो, याच्यासोबत मला राहायचं नाही म्हणतो. म्हणजे बघा, स्वर्गात पाऊल ठेवलं तरी भाऊबंदकी काही सुटलेली नाही. माझे भाऊ कुठं आहेत, असं विचारतो तेव्हा त्याला नरकात नेतात. तेही का? द्रोणाला अश्वत्थाम्याबद्दल फसवून सांगितलं म्हणून. इंद्र हे त्याला तोंडावर ऐकवतो. ते अर्धं खोटं बोलेपर्यंत त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. बोलला आणि टेकला.

तेव्हा, इतरांचे दोष वाचणाऱ्याचा दोषही व्यासांनी वाचून ठेवलाय. कुणालाच सोडलेलं नाही.

---

पऱ्हाटीवाली | शुक्रवार, दुपारी २.३०

मास्तर, सगळं मान्य. पण द्रौपदीचं काय? बाकी चौघांचा गर्व किंवा हावरटपणा. हिचा दोष काय, तर पाच जणांत वाटून दिलेल्या बाईनं एकावर जास्त जीव लावला! स्वयंवरात पण अर्जुनानंच जिंकली होती की तिला. वाटणी तिनं केली नव्हती.

इरावती कर्व्यांनी 'युगांत'मध्ये हा प्रसंग पुन्हा लिहिलाय. त्यात पडलेल्या द्रौपदीजवळ भीम परत येतो. ती त्याला म्हणते, पुढच्या जन्मी पाचांतला थोरला हो. मूळ महाभारतात हे नाही, बाईंनी ते आपल्या मनानं घातलं आणि तसं सांगूनही टाकलं. माझं मत विचाराल तर मूळ ग्रंथात एक माणूस मागं वळायचा राहून गेला होता, तो बाईंनी वळवला.

मी गावात आशा म्हणून काम करते. मरणाऱ्या माणसाजवळ बसायची वेळ बरेचदा येते. तेव्हा दोष कुणीच सांगत नाही हो. पाणी पाहिजे का, कूस बदलू का, एवढंच असतं. टॉलस्टॉयच्या इव्हान इलिचमध्ये तो गेरासिम नावाचा गडी आहे ना, तोच मला त्या पुस्तकातला सगळ्यात शहाणा माणूस वाटतो. मालक न्यायाधीश, पंचेचाळीस वर्षांचा, घरात पडदे लावून दाखवता दाखवता शिडीवरून घसरला, कुशीत मार बसला आणि त्यातून दुखणं वाढत गेलं. बायको, डॉक्टर, सगळे खोटं बोलतात की तू बरा होशील. गेरासिम रात्ररात्र त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो, कारण तसं केलं की मालकाला बरं वाटतं. बस्स.

आणि सुरुवात आठवते का? मेल्याची बातमी कोर्टात येते, तर सोबतचे लोक मनात हिशोब करतात की आता त्याच्या जागेवर कोण, आणि आपल्याला काय मिळणार. शिवाय आतल्या आत एक समाधान की मेला तो, मी नाही.

---

मास्तर निवृत्त | शुक्रवार, दुपारी ४.००

ताई, अगदी. हेच यक्षानं विचारलं होतं, जगात आश्चर्य कोणतं? रोज माणसं यमाच्या घरी जातात आणि मागं उरलेले समजतात आपण कायमचे राहणार. अहन्यहनि भूतानि गच्छन्तीह यमालयम्. आणि याचं बिनचूक उत्तर देणारा कोण, तर युधिष्ठिरच! उत्तर येणं वेगळं आणि उतरणं वेगळं, हे चाळीस वर्षं शाळेत पेपर तपासून मला चांगलं ठाऊक आहे.

---

वर्धेकाठचा | शुक्रवार, रात्री ८.२०

सगळे हस्तिनापुरात जाऊन बसले. अरे, आपल्या विदर्भाचा माणूस आहे ना गर्वासाठी! रुक्मी.

भीष्मकाचा पोरगा, कुंडिनपूरचा, म्हणजे आमचं कौंडण्यपूर, अमरावती जिल्हा. बहिणीला कृष्णानं नेलं तर हा प्रतिज्ञा करून निघाला की कृष्णाला मारून रुक्मिणीला परत आणल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही. हरला. शब्दाचा पक्का म्हणून परत गेलाच नाही, भोजकट नावाचं वेगळं नगर वसवून तिथं राहिला. बापाचं घर दिसेल इतक्या अंतरावर असेल नसेल, पण पाय नाही ठेवला. असे लोक आपल्या गावात आजही आहेत, बरं का.

पुढची गोष्ट तर फारच भारी. युद्धाच्या आधी हा मोठी सेना घेऊन पांडवांकडे गेला आणि अर्जुनाला म्हणाला, भीती वाटत असेल तर सांग, मी आहे. अर्जुन हसला, म्हणे राहू दे. मग तोच माल घेऊन दुर्योधनाकडे. तिथंही नको म्हणाले. सगळ्या भारतवर्षातले राजे त्या युद्धात मेले, फक्त बलराम आणि रुक्मी बाहेर राहिले. बलराम स्वतःच्या मर्जीनं, आणि आमचा रुक्मी कुणालाच नको म्हणून. एवढं मोठं युद्ध टळूनही मेला कसा? भागवतात आहे, नातीच्या लग्नात, फाशांच्या डावात. हरला होता, तरी मीच जिंकलो म्हणाला, वर तुम्ही गुराखी, तुम्हाला फाशातलं काय कळतं म्हणून हिणवलं. बलरामानं तिथंच संपवला. लग्नमंडपात!

अवांतर: रघुवंशात अजाची बायको इंदुमती, तीही विदर्भाचीच राजकन्या. आकाशातून माळ पडली आणि गेली. अज इतका रडतो की कालिदासानं सर्गातला मोठा भाग त्या विलापालाच दिलाय. त्याला समजावायला वसिष्ठ जो निरोप पाठवतात त्यात ते वाक्य आहे, मरणं प्रकृतिः शरीरिणाम्. मरण हीच शरीराची मूळ स्थिती, जगणं हा बिघाड. अजाला ते पटलेलं नाही. मलाही पटत नाही.

---

कोरडवाहू | शुक्रवार, रात्री ९.१०

रुक्मीचं लय आवडलं बुवा.

आता माह्याकडून एक. टॉलस्टॉयचीच. पाखोम नावाचा कास्तकार. हा एकदा बढाई मारते का जमीन भरपूर असती तर मी सैतानाले बी भेलो नसतो. सैतान चुलीमागं बसून ऐकत असते. मंग त्याले जमीन भेटत जाते, वाढत जाते, पण पुरत नाही. शेवटी बश्किर लोकांच्या मुलखात जाते. तथी भाव असा का एका दिवसाचे हजार रूबल. सूर्य उगवल्यावर निघायचं, बुडायच्या आत परत यायचं, जेवढा फेरा मारशील तेवढी तुही. टेकडीवर टोपी ठेवली, तथून सुरुवात. गडी चालते, अजून थोडं, तो ओला तुकडा बी घेऊ, ते जवसाले चांगलं हाये. परतताना सूर्य खाली, छाती भात्यावानी. पळत पळत टोपीपाशी पोचते अन् तोंडातून रक्त येऊन मरते. नोकर खड्डा खणते. डोक्यापासून टाचेपर्यंत तीन अर्शीन, म्हणजे सहा-सात फूट. तेवढीच लागली.

इव्हान इलिच अन् हे, दोन्ही १८८६चे. मले वाटते त्या वर्षी बुढ्यानं न्यायाधीश अन् कास्तकार दोघांचा बी हिशोब एकदम केला.

मी हे वाचलं तवा माह्या डोळ्यापुढं रशिया नाई आला. शेजाऱ्याचा धुरा आला, म्हंजे दोन वावरांमधला बांध. दरवर्षी वखर घालताना एक तास, म्हंजे एक ओळ, इकडं सरकवते तो. (मी बी सरकवतो. खोटं काहून बोलू.)

---

झाडीपट्टीकर | शनिवार, सकाळी ११.५०

मी वडशाच्या एका नाटक मंडळात काम करतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम, रात्रभर खेळ, सकाळी टेम्पोत झोप. मरायचे सीन भरपूर केले. एक सांगतो, खलनायक मरताना तुच्छतेनं बोलत मेला तर पब्लिक शिट्ट्या मारते, पण तोच लेकराचं नाव घेऊन मेला तर बायका पदर डोळ्याला लावतात. मग घरी जाताना आमच्यावर चिडतात, की त्या मेल्यासाठी रडवलंत म्हणून.

दुर्योधनाचे दोन शेवट आहेत. महाभारतात मांड्या फुटून पडलेला असतानाही वाकत नाही. मी राज्य केलं, शत्रूच्या डोक्यावर पाय ठेवला, क्षत्रियासारखा मरतोय, माझ्यापेक्षा चांगला शेवट कुणाचा, असं सुनावतो. वरून फुलं पडतात आणि पांडवांची मान खाली जाते. म्हणजे गर्वाला चक्क टाळ्या आहेत तिथं.

दुसरा शेवट भासाच्या 'ऊरुभंग'मधला. त्यात दुर्योधनाचा लहान पोरगा दुर्जय रणांगणावर बापाला शोधत येतो आणि सवयीनं मांडीवर बसायला जातो. बाप अडवतो. मांड्याच नाहीत. जन्मभर मांडी थोपटून दाखवलेला माणूस, भर सभेत द्रौपदीला तीच मांडी दाखवलेला, आणि आता स्वतःचं लेकरू बसवता येत नाही. मग पोराला सांगतो, पांडवांची सेवा कर, कुंतीचं ऐक, द्रौपदीला आईसारखं मान. शास्त्राप्रमाणे रंगमंचावर मरण दाखवायचं नसतं. भासानं दाखवलं.

मला विचाराल तर गर्व कुणी उपदेश करून उतरत नाही. मांडीवर बसायला लेकरू यावं लागतं.

---

पऱ्हाटीवाली | शनिवार, दुपारी १.००

वाचून हातातलं काम थांबलं, दादा.

---

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री ११.२५

सगळं वाचतोय. कोरडवाहू भाऊ, तुमचं ते धुऱ्याचं वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

शनिवारी वारले ते माझे काका. वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांच्या वावरात एक धुरा आहे, वाद फार तर दीड हाताचा. एकोणीस वर्षं कोर्टात. त्या दीड हातात धड एक पऱ्हाटीची ओळ बसत नाही. तारखांना जायला जेवढा पैसा लागला तेवढ्यात दोघांनी मिळून विहीर बांधली असती. आमचा बुढा, म्हणजे वडील, मातीला गेला नाही. इतकंच नाही, आम्हाला सुतक नाही असं घरात जाहीर केलं आणि मंगळवारी, चौथ्या दिवशी, पोथीला पारावर जाऊन बसला. लोक बाजूला सरकले. कुणी काही बोललं नाही.

दुर्योधन म्हणतो ना, सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, ती ओळ आमच्या बुढ्याला तोंडपाठ आहे. दरवर्षी ती आली की मान हलवतो, किती हलकट माणूस म्हणून.

मी पहिल्या दिवशी विचारलं ते युधिष्ठिराबद्दल नव्हतं, हे आता तुम्हाला कळलं असेल. बाजूच्या वाड्यातून तिरडी निघाली तेव्हा बुढा गोठ्यात दोर वळत बसला होता. हलगी दारावरून गेली. त्यानं मान वर केली नाही.

आणि माझं सांगायचं तर मी गेलो. खांदा दिला. येऊन आंघोळ केली ती वावरातल्या विहिरीवर, घरी दिसू नये म्हणून. तेव्हा मीही काही मोठा सरळ नाही. उद्या दहावं आहे.

---

वर्धेकाठचा | रविवार, रात्री ११.४०

भाऊ, मी रुक्मीचं जरा मजेत लिहिलं होतं. माफ करा.

---

मास्तर निवृत्त | सोमवार, सकाळी ६.००

बापू, तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलणार नाही. पुस्तकांतलंच बोलतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी अर्धवट दिलं. नरकातला प्रसंग पुरा सांगायला हवा होता. अंधार, चिखल, दुर्गंधी. युधिष्ठिर परत फिरतो, तेव्हा अंधारातून आवाज येतात, थोडा थांब. तुझ्या अंगावरून वारा येतो, त्यानं आम्हाला बरं वाटतं. हा विचारतो, तुम्ही कोण? मी कर्ण. मी भीम. मी अर्जुन. मी नकुल, मी सहदेव, मी द्रौपदी. तेव्हा तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथंच राहतो. पहाडावर जो वळला नाही तो इथं थांबला.

त्यात पहिलं नाव कर्णाचं आहे, हे लक्षात घ्या. युद्ध संपल्यावर गंगेत जलांजली देताना कुंती सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. भाऊ आहे हे कळलं ते पाणी सोडताना.

ग्रीकांकडे अँटिगनी नावाचं नाटक आहे. दोन सख्खे भाऊ गादीसाठी एकमेकांना मारतात. राजा क्रेऑन हुकूम काढतो, एकाला इतमामानं पुरा, दुसरा उघड्यावर पडू द्या. मेलेल्यावर राग. शेवटी नमतो, पण उशिरा. तोवर पोरगा आणि बायको दोघंही गेलेले. सोफोक्लीसनं ते फार कठोर लिहिलंय, मला पुन्हा वाचवत नाही.

त्यापेक्षा इलियड या ग्रीक महाकाव्याचा शेवट वाचा. हेक्टरनं मित्राला मारलं म्हणून अकिलीसनं त्याला मारलं आणि प्रेत रथाला बांधून रोज फरपटलं, राग काही शमेना. बाराव्या दिवशी हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम, त्रॉयचा राजा, रात्री शत्रूच्या छावणीत जातो. अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली पोरं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव. मग दोघंही रडतात, एक पोरासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. अकिलीस प्रेत धुवायला लावतो, स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो आणि म्हाताऱ्याला म्हणतो, आता दोन घास खा. आपल्याकडं सुतकाच्या घरी शेजारचे पिठलं-भाकर आणतात, तसं. इथं मारणाराच वाढतो.

शेवटी विचारतो, मर्तिकाला किती दिवस पाहिजेत, तेवढे दिवस मी लढाई थांबवतो. प्रायम हिशोब सांगतो. नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला दहन आणि गावजेवण, अकराव्याला वर ढिगारा रचू, बाराव्या दिवशी लढायचंच असेल तर लढू. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बोटांवर दिवस मोजले होते.

---

धुऱ्यावरचा | बुधवार, रात्री १०.५०

मास्तर, हे शेवटलं मी काल रात्री बुढ्याला सांगितलं. कुणाचं, कुठलं, काही नाही. एक राजा होता म्हणून सुरुवात केली. खाटेवर पाठ करून पडला होता. मला वाटलं झोपला.

बऱ्याच वेळानं विचारलं, "कशानं गेलता तो? घोड्यानं?"

म्हटलं, खेचराची गाडी होती सोबत. पोराला आणायला.

"एकटाच?"

संगं एक म्हातारा गाडीवान.

मग पुन्हा शांत. मी दिवा मालवायला उठलो तर म्हणतो, "तिकडं तेरवीच्या भाजीचं कोण पाहून राह्यलं?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"त्याचं पोट्टं लहान हाये अजून. त्याले किती मानसाले किती वांगे लागते, काय समजते?"

बस, एवढंच. उद्या तेरवी आहे.

---

कोरडवाहू | बुधवार, रात्री ११.०५

भाऊ, आता काहीच बोलू नोको. सकाळी धोतर काढून ठेव फक्त.

---

धुऱ्यावरचा | बुधवार, रात्री ११.१२

धोतर त्यांनीच काढून खुंटीवर ठेवलंय. पण पोथीलाही तेच नेसतात, त्यामुळं काही सांगता येत नाही.